पीटरचा कांदा

आजच्यासारखी पूजा पार्सिपनीच्या ह्या घरात कधी झाली नव्हती. मीनाक्षीबाईंनी उदबत्तीचा धूर हाताने जरा बाजूला सारला आणि देव्हाऱ्याकडे डोळे भरून पाहिलं. अंबेजोगाईची योगेश्वरी गळ्यापर्यंत पिवळ्या फुलांत बुडाली होती. बाळकृष्ण तर दिसतच नव्हता, त्याचा नुसता मुकुट वर आला होता. शंखाला फूल, घंटेला फूल, समईच्या पायाशीही दोन. एवढं करून ओंजळभर उरली, ती त्यांनी पुन्हा देवीच्याच पायाशी ठेवली.

मार्च उजाडला तरी बाहेर बर्फ होता. अशा दिवसांत देवीच्या ताज्या फुलासाठी जीव टांगणीला लागायचा. फूल वाहिल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायचं नाही हा त्यांचा नेम, आणि दुकानातली ती कार्नेशन्स कापडाची असावीत असा त्यांना कायम संशय. म्हणून तर काल संध्याकाळी विहीणबाईंनी हात धरून सनरूममध्ये नेलं तेव्हा त्या उंबऱ्यातच थबकल्या होत्या. नेस्ताबाई ऑक्टोबरात वेल्सहून लेकाकडे राहायला आल्या, त्याच आठवड्यात त्यांनी तीन मोठ्या कुंड्यांत कसले कंद लावले होते. हिवाळाभर कुंड्या गॅरेजच्या थंडीत झाकलेल्या. फेब्रुवारीत त्या उजेडात आल्या आणि काल सगळी फुलं एकदम उमलली. नेस्ताबाईंनी एका फुलाच्या हनुवटीला बोट लावलं होतं आणि म्हणाल्या होत्या, "फॉर देवी. टुमॉरो."

पाच महिने एका घरात राहून विहीणबाईंनी देव्हाऱ्याकडे कधी मान वळवली नव्हती. आणि मनात हे होतं! देवीसाठी, उद्या. मीनाक्षीबाईंना रात्री नीट झोपही लागली नाही. पहाटे आंघोळ करून त्यांनी एकेक फूल देवाला खुडतात तसं अगदी फुलाच्या बुडाशी, देठ न ठेवता खुडलं.

"अहो, आरतीला येता ना?" त्यांनी हाक मारली.

पुरुषोत्तमराव बाथरूममध्ये भाषणाची तालीम करत होते. आज मंडळाचा मराठी भाषा दिन. तारीख शुक्रवारची, पण हॉल रविवारचा मिळाला. "तर मित्रहो," असा आवाज आला आणि मागोमाग नळ सुटला.

आरती अर्ध्यावर होती तेव्हा सनरूममधून नेस्ताबाईंचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. कुणी पोटात घेतलेला श्वास बाहेर सोडायचा विसरावं, तसं काहीतरी होतं.

*

रुचा जिन्यावरून खाली धावली तेव्हा सगळे देव्हाऱ्यासमोर जमले होते. एका बाजूला आई, हातात आरतीचं तबक. दुसऱ्या बाजूला सासूबाई, हातात बागकामाची कात्री. मध्ये गेराइंट, तिचा नवरा, पायजम्यात. दोन्हीकडच्या आयांच्या मध्ये उभं राहण्याची त्याला आता सवय झाली होती, पण कात्री आणि तबक एकाच वेळी असा प्रसंग पहिलाच.

"आई, हे काय केलंस तू?"

"पूजा केली."

"अगं, ती फुलं नेस्ताची होती!"

"मला कळतं ते. त्यांनीच दिली. देवीसाठी म्हणाल्या."

रुचाने सासूबाईंना इंग्रजीत विचारलं. नेस्ताबाईंनी मान हलवली. "हो. मी डेवीसाठीच म्हटलं."

"बघ!" आई म्हणाली.

"डेवी," नेस्ताबाई पुन्हा म्हणाल्या.

"देवी," आईने दुजोरा दिला.

दोघी एकमेकींकडे बघून माना डोलावत होत्या. इतकं एकमत ह्या घरात नोव्हेंबरापासून झालं नव्हतं. गेराइंटने कपाळाला हात लावला.

"आई," तो सासूला मराठीतच आई म्हणायचा, "डेवी म्हणजे डेव्हिड. सेंट डेव्हिड. आज एक मार्च, त्याचा दिवस. आमचा संत."

मीनाक्षीबाईंनी तबक खाली ठेवलं. "पुरुष आहे?"

"दाढीवाला."

मग सगळं बाहेर आलं. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात, दीड तासावर, वेल्श लोकांचं एक जुनं चॅपल होतं. कोळशाच्या खाणीत कामाला आलेल्यांच्या नातवंडा-पतवंडांपैकी चौतीस म्हातारी माणसं तिथे उरली होती. वेल्श कुणालाच येत नव्हती, भजनं मात्र घोकून पाठ होती. त्यांनी नेस्ताबाईंना आज वेल्शमधून वाचन करायला बोलावलं होतं, आणि नेस्ताबाईंनी नाताळातच पत्र लिहून कळवलं होतं की मी तुम्हां प्रत्येकासाठी एक फूल आणीन, माझ्या हातचं. गावी त्यांचे यजमान एम्लिन असेपर्यंत ह्या दिवशी चॅपलच्या दारात उभे राहून प्रत्येकाच्या कोटाला स्वतःच्या वाफ्यातलं फूल लावत. आता दोन वर्षं ते नव्हते. कुंड्या त्यासाठी होत्या. निघायचं होतं बाराला.

"स्टोअरमध्ये डॅफोडिल्सचे बंच मिळतात," गेराइंट म्हणाला. "मी आत्ता जाऊन—"

"दुकानातली त्यांनाही मिळतात," नेस्ताबाई म्हणाल्या. एवढंच. मग कात्री टेबलावर ठेवून त्या गॅरेजकडे गेल्या. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर रुचाला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात पुढच्या दारातून सुवर्णाआत्या आली. पुरुषोत्तमरावांची धाकटी बहीण, मंडळाची सेक्रेटरी, बर्फातून एडिसनहून ड्राइव्ह करत आलेली. एका हातात बॅटरीवर चालणारी समई, कारण हॉलवाले खरी वात लावू देत नाहीत. दुसऱ्या हातात पिनांचा डबा, कारण दुपारी बावन्न बायकांना नऊवारी नेसवायची होती.

"अगंबाई! काय ही पूजा!" ती म्हणाली. मग सगळ्यांचे चेहरे बघून समई खाली ठेवली. "कोण गेलं?"

रुचाने दोन वाक्यांत सांगितलं. आत्याने बूट काढता काढता निकाल दिला. "आता इलाज नाही, वहिनी. देवाला वाहिलेलं परत घ्यायचं नसतं. पाप लागतं."

"सुवर्णे, तू परीक्षेला जाताना गणपतीच्या पायाशी हात घालून फूल पळवायचीस," पुरुषोत्तमराव गालाला फेस तसाच ठेवून दारात आले होते.

"एक पळवायचे, दादा. चौतीस नाही."

रुचाची लेक नीना एवढा वेळ टेबलाशी बसून एका कार्डावर रंगीत पेनने काहीतरी लिहीत होती. वय आठ. मराठी सगळी समजायची, उत्तर इंग्रजीत. वेल्श मात्र नेस्ताबाईंकडून, म्हणजे तिच्या 'मॅमगी'कडून, हिवाळाभर शिकत होती, आणि त्याबद्दल पुरुषोत्तमराव आतून जरा दुखावलेले होते. तिने मान वर केली.

"आजी, इट्स ऑल्सो अ लीक."

"लीक?" पुरुषोत्तमराव वळलेच. "तरी मी म्हणत होतो, त्या सिंकखाली काल ओल होती!" आणि ते गुडघ्यावर बसून कपाटात डोकं घालून पाइप चाचपू लागले.

"नॉट दॅट लीक, आबा! द फ्लॉवर! केनहीनेन बेडर. केनहीनेन इज लीक. बेडर इज पीटर." तिने कार्ड उंच धरलं. "पीटर्स लीक. दॅट्स इट्स नेम."

"म्हणजे काय गं?" मीनाक्षीबाईंनी लेकीला विचारलं. आवाज अगदी हळू.

रुचाला कळलं होतं हे कुठे चाललंय. पण आत्याला थांबवणार कोण?

"लीक म्हणजे तो कांद्यातलाच ना? पातीच्या कांद्याचा थोरला भाऊ? तुमच्या विहीणबाई गॅरेजमध्ये शिजवतात तो?"

आई देव्हाऱ्याकडे वळली. पिवळा ढीग तसाच हसत होता.

"मी देवीला कांदा वाहिला," ती म्हणाली.

"अगं, नावाचा कांदा तो!" पुरुषोत्तमराव सिंकखालून म्हणाले. "निशिगंधाचेही कांदेच लावतात. तू काय वाहिला नाहीस कधी?"

"तो जमिनीत कांदा असतो, वर निशिगंध होतो. हा वर येऊनही कांदाच राहिला."

आत्या हसायला लागली होती. पण वहिनीचा चेहरा बघून तिने हसू तिथेच आवरलं आणि समईची बॅटरी उगाच काढून पुन्हा घातली. आठ वर्षं ह्या बाईने कांदा-लसणाला शिवलं नव्हतं. लग्नाच्या पंगतीत नाही, विमानात नाही, कुणाच्या आग्रहाला नाही. आज स्वतःच्या हाताने.

मीनाक्षीबाई आरतीचं तबक तिथेच ठेवून हळूहळू चालू लागल्या.

"आई, कुठे निघालीस?"

"गॅरेजमध्ये."

"तू?" रुचा म्हणाली. गॅरेजच्या त्या दाराचा उंबरा आईने नोव्हेंबरापासून ओलांडला नव्हता.

*

गॅरेजमध्ये दोन गाड्यांच्या मधल्या जागेत नेस्ताबाईंचा संसार होता. विजेची शेगडी, घडीचं टेबल, एक पातेलं, एक सुरी. त्या कोट घालून लीक चिरत होत्या. चॅपलमध्ये नेण्यासाठी सूप करायचं कालपासून ठरलं होतं. ते तरी होऊ दे.

राग कसला आला होता हे त्यांनाच नीट सांगता येत नव्हतं. फुलांचा तर होताच. पण त्याखाली ही शेगडी होती. आल्या त्याच्या पुढच्या महिन्यात त्यांनी सगळ्यांसाठी मोठ्या हौसेने लीकचं सूप केलं होतं, आणि विहीणबाई नाकाला पदर लावून उठून गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी शेगडी गॅरेजमध्ये. कुणी काही बोललं नव्हतं, सगळं अगदी प्रेमाने. त्यांना भाषेची ही गोष्ट लहानपणापासून ठाऊक होती. आजीच्या वेळी शाळेत वेल्श बोललं की शिक्षा व्हायची. कुणी तुमचं म्हणणं बंद करत नाही, फक्त ते बाहेर जाऊन म्हणा एवढंच सांगतात. आता तेच लीकचं.

दार उघडलं. मीनाक्षीबाई. साडीवर पुरुषोत्तमरावांचा स्वेटर. उंबऱ्यात क्षणभर थांबल्या, मग पाऊल आत टाकलं. पदर खांद्यावरच होता, नाकाला नव्हता.

"विहीण," त्या म्हणाल्या. ह्या एका शब्दाने दोघी एकमेकींना हाक मारायच्या. इंग्रजीत ह्या नात्याला नाव नाही, वेल्शमध्येही नेस्ताबाईंना आठवलं नव्हतं; मग मराठीतलंच घेतलं. "विहीण, सॉरी."

"तुम्ही मुद्दाम नाही केलंत."

"तुम्ही रडताय?"

"लीक चिरतेय."

"हो. कांद्याचा हा एक मोठा उपयोग," मीनाक्षीबाई म्हणाल्या. त्यांचं इंग्रजी तुटक होतं, पण थट्टा नीट पोचली. नेस्ताबाईंच्या ओठाचा कोपरा जरासा हलला.

मीनाक्षीबाईंनी एक रिकामी बादली उपडी घातली आणि तिच्यावर बसल्या.

"तुम्हाला वाटतं, मला तुमच्या सुपाची घाण वाटते."

"वाटतं."

"मला कांदा फार आवडतो. फार म्हणजे फार. भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला. भजी. पोह्यांवर कच्चा. माहेरी मला कांदेवालीच म्हणायचे."

"मग?"

"नीना." त्यांनी दोन्ही तळहात पुढे केले, मध्ये वीतभर जागा सोडून. "एवढी होती. काचेच्या पेटीत. आठ आठवडे. डॉक्टर रोज वेगळं सांगायचे. मी देवीला म्हटलं, तू हिला ठेव, मी कांदा सोडते. नावडतं सोडून काय उपयोग? ती काय वेडी आहे? म्हणून आवडीचा दिला."

सुरी थांबली. त्या आठ आठवड्यांत नेस्ताबाई समुद्रापलीकडे होत्या. फोन उशाशी घेऊन झोपायच्या, आणि एम्लिन रात्री उठून तो चार्जिंगला आहे ना बघायचे.

"मला कुणीच सांगितलं नाही हे."

"कुणाला माहीतच नाही. सांगायचं नसतं. ह्यांना वाटतं, मला पित्त होतं."

नेस्ताबाईंना हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळेही पुसावे लागले. लीकचा हात डोळ्याला लागला आणि मग तर धारच लागली. मीनाक्षीबाईंनी स्वेटरच्या बाहीने त्यांचे डोळे टिपले.

"आता तुम्हाला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तर सांगा. ते फूल कांदा आहे की नाही?"

"नाही. नावापुरतं. पानं लीकसारखी दिसली, लोकांनी पीटरचा लीक म्हटलं. वेगळं नाव सुचलं नसेल कुणाला. खाल्लं तर विषारी असतं उलट."

"देवी खात नाही हो. नुसतं बघते." मीनाक्षीबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. "आणि तो तुमचा दाढीवाला? तो कसला संत?"

"असं सांगतात की तो भाकरी आणि पाला खायचा. मांस नाही, दारू नाही. फक्त पाणी. थंडीत गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहून प्रार्थना म्हणायचा. लोक त्याला पाणीवालाच म्हणायचे."

"गळ्यापर्यंत? थंडीत?" मीनाक्षीबाई पुढे सरकल्या. "आणि शिकवलं काय त्याने?"

"जाताना म्हणाला, छोट्या छोट्या गोष्टी करत राहा."

मीनाक्षीबाईंनी बसल्या जागीच हात जोडले, कुठल्या दिशेला जोडावेत ते न कळून पातेल्याकडेच. "अहो, हा तर आपल्यातलाच. दाढी असली म्हणून काय झालं?"

पातेल्याचं झाकण थडथडू लागलं. नेस्ताबाईंनी शेगडी बारीक केली.

"विहीण, आमच्यात देवाला दिलेलं फूल संपत नाही," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "त्याचा प्रसाद होतो. आता ते तुमचं नाही आणि माझंही नाही. देवीचं. ती देईल. आपण नुसते हात."

"प्रसाद," नेस्ताबाईंनी म्हणून पाहिलं. "पण देठच नाहीत, विहीण. नुसती डोकी. कोटाला लावायची कशी?"

"लहानपणापासून गजरे केलेत मी," मीनाक्षीबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "ते माझ्यावर सोडा."

*

पुरुषोत्तमराव भाषणाचे कागद घेऊन स्वयंपाकघरात आले तेव्हा जेवणाच्या टेबलाची फॅक्टरी झालेली होती. मीनाक्षीबाईंनी देवीला नमस्कार करून, तिला विचारून, एकेक फूल ताटात उतरवलं होतं. रुचा कुंडीतली पानं कापून देत होती. गेराइंट दोऱ्याचे तुकडे करत होता, सगळे वेगवेगळ्या लांबीचे. मीनाक्षीबाई फुलाच्या मागे दोन पानांची घडी धरत, दोरा चार वेढे फिरवत, दाताने तोडत.

"पिना?" त्यांनी हात पुढे केला.

सुवर्णाने डबा छातीशी धरला. "बावन्न नऊवाऱ्या आहेत माझ्या भरवशावर, वहिनी. स्टेजवर एखादीची सुटली तर?"

"तर कार्यक्रम गाजेल," पुरुषोत्तमराव म्हणाले.

"दादा, तू भाषण पाठ कर." पण तिने डबा टेबलावर उपडा केला. मग खुर्ची ओढून स्वतःच बसली आणि एकेक फूल घेऊन पिना लावू लागली. "हे असं नाही, वहिनी. पिन आडवी. उभी लावली की फूल मान टाकतं. सरका."

पुरुषोत्तमराव थक्क. पाप लागतं म्हणणारी हीच ना?

नीना शाल गुंडाळून आणि पुठ्ठ्याची उंच काळी टोपी घालून आली. सुवर्णाने तिला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "ही कसली गं चेटकीण?"

"इट्स माय नॅशनल ड्रेस, आत्याआजी."

"नॅशनल! आणि नऊवारी काय मग?"

"दॅट्स माय अदर नॅशनल ड्रेस," नीना म्हणाली. "नेक्स्ट संडे."

पुरुषोत्तमरावांना हसावं की नाही कळेना. ते नेस्ताबाईंकडे वळले. हिवाळाभर त्यांनी ह्या भाषेशी मनातल्या मनात भांडण मांडलं होतं, आणि भांडायचं तर आधी व्याकरण माहीत हवं असा त्यांचा स्वभाव. "एक सांगा मला. हिच्या कार्डावर बेडर आहे, आणि तुमच्या कागदावर पेडर. चूक कुणाची?"

"कुणाचीच नाही. फूल एक असलं की बेडर. पुष्कळ असली की पेडर."

"म्हणजे एकटा सापडला की पीटर बदलतो, आणि घोळक्यात जसाच्या तसा?"

"तसंच."

"आमच्याकडे शब्दाचं शेपूट बदलतं. घोडा, घोड्याला. तुमच्याकडे तोंड बदलतं!" त्यांनी खिशातून पेन काढून भाषणाच्या कागदावर खूण केली. "हे मी आज सांगणार."

"मराठी भाषा दिनाला वेल्श?" सुवर्णा किंचाळली.

"तुलना केल्याशिवाय गौरव कसा कळणार?" ते बायकोकडे वळले. "अगं, दोनला निघायचं बरं का. पुढच्या रांगेत तुझी खुर्ची ठेवलीय."

मीनाक्षीबाईंनी दोरा तोडला. "मी विहिणीबरोबर चाललेय."

सगळे हात थांबले. बत्तीस वर्षं मंडळात ते भाषण करत होते आणि बत्तीस वर्षं ती समोर बसत होती. ते कुठे थांबले की हसायचं हे फक्त तिला कळायचं. ती हसली की मग हॉल हसायचा. आज भाषणात सहा विनोद होते. सहाही तिच्या जिवावर.

"का पण?" त्यांचा आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा लहान निघाला. "फुलं ह्या नेतील की."

"ज्याने वाहिलं त्याने वाटावं," ती म्हणाली. "माझ्या हातून गेलंय, माझ्याच हातून पोचू दे. रागावलात?"

त्यांनी ताटाकडे पाहिलं. फुलं ओळीने मान वर करून बसली होती, हिरव्या पानांच्या कॉलरमध्ये. मग पलीकडे विहीणबाई. त्यांचे कान इकडेच होते.

"मग हसणार कोण?" त्यांनी विचारलं.

"सुवर्णाताईंना आधी खुणा करून द्या."

"मला नाही कळत ह्याचे विनोद," सुवर्णा पिन लावत म्हणाली. "पण बघते. दादा, हात वर केलास की मी हसेन. उगाच खाजवायला वर करू नकोस."

बारा वाजून दहा मिनिटांनी गाडी निघाली. पुरुषोत्तमराव दारात उभे राहिले, थंडीत, ती वळणापलीकडे जाईपर्यंत. मग आत येऊन आरशासमोर त्यांनी हात वर करून पाहिला.

*

चॅपल डोंगराच्या उतरणीवर होतं, पांढरं, लाकडी, आणि आत जुन्या पुस्तकांचा आणि ओल्या लोकरीचा वास. समोरच्या भिंतीवर हिरव्या-पांढऱ्या झेंड्यावर एक लाल जनावर होतं, पंजा उगारलेलं, शेपटीला बाणाचं टोक. मीनाक्षीबाईंनी त्यालाही नमस्कार केला. कुणाचं तरी वाहन असणार.

त्या दारात उभ्या राहिल्या, हातात स्टीलचं ताट. नेस्ताबाई शेजारी, एम्लिन उभे राहत त्या बाजूला. पलीकडे गेराइंट आणि रुचा, आणि मध्ये टोपी सावरणारी नीना.

पहिल्या आल्या त्या काठी टेकत आलेल्या नव्वदीच्या बाई. मीनाक्षीबाईंनी त्यांचा उजवा हात हळूच उलटा केला, तळव्यावर फूल ठेवलं आणि रोज देव्हाऱ्यापाशी म्हणतात तशाच हलक्या आवाजात म्हणाल्या, "प्रसाद."

बाईंनी फुलाकडे पाहिलं. मग मीनाक्षीबाईंच्या कुंकवाकडे, मग नेस्ताबाईंच्या लाल शालीकडे. त्यांचा चेहरा उजळला.

"प्रसाद!" त्या म्हणाल्या. आणि आत जाऊन शेजारणीला म्हणाल्या, "ऐकलंस? दोघी वेल्सहून आल्यात. तिकडे आजच्या दिवशी असं म्हणतात."

पुढचे एक आजोबा कान पुढे करूनच आले. "प्रसाद," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "प्रसाद, प्रसाद," त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं, आणि टोपी काढली. त्यांच्या मागच्यांनी तर मीनाक्षीबाईंच्या आधीच हात पुढे करून म्हटलं. बाकांवरून तो शब्द मागून पुढे जाऊ लागला. कुणी दुसऱ्याच्या कोटाला पिन लावून देत होतं आणि लावून झाली की म्हणत होतं, प्रसाद. कुणी पहिल्या अक्षरावर जोर देत होतं, कुणी दुसऱ्यावर. एक बाई ठासून सांगत होत्या की माझी पणजी अगदी अस्संच म्हणायची, मला चांगलं आठवतं.

मीनाक्षीबाईंना वाटलं, काय ही गुणी माणसं! एकदा सांगितलं की लगेच येतं ह्यांना. आमच्या मंडळातल्या पोरांना वर्षभर सांगावं लागतं.

गेराइंटने भिंतीकडे तोंड केलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते. रुचा त्याच्या पाठीत कोपर मारत होती, पण तिचेही ओठ घट्ट मिटलेले होते. नीनाने मात्र टोपी मागे सारली आणि तोंड उघडलं, "बट मॅमगी, दॅट्स नॉट—"

नेस्ताबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

त्या बाकांकडे बघत होत्या. ह्या लोकांना त्यांनी पत्रांतून ओळखलं होतं. अर्थ न कळता भजनं गाणारी माणसं, ज्या आज्यांनी मुलांच्या भल्यासाठी वेल्श बोलणं सोडून दिलं त्यांची नातवंडं. आज ती एकमेकांना काहीतरी म्हणत होती. घोकून नाही. एकमेकांच्या डोळ्यांत बघून.

ताटात शेवटचं फूल राहिलं होतं. शेवटचे आजोबा आले. खाणीतल्या बापाचे खांदे अंगावर घेऊन जन्मलेले, रुंद आणि वाकलेले. मीनाक्षीबाईंनी फूल दिलं. "प्रसाद."

त्यांनी ते लगेच म्हटलं नाही. फूल कोटाला लावून घेतलं, आणि मग नेस्ताबाईंजवळ येऊन हळूच विचारलं, आपली चूक होत असेल तर इतरांना ऐकू जाऊ नये अशा बेताने.

"माझी आजी उत्तर वेल्सची. तिच्या तोंडून हे कधी ऐकलं नाही मी. तुमच्या दक्षिणेत असं म्हणतात का?"

नेस्ताबाईंनी विहिणीकडे पाहिलं. मीनाक्षीबाई रिकामं ताट पोटाशी धरून उभ्या होत्या, बर्फाने नाक लाल झालेलं, चेहऱ्यावर सकाळच्या पूजेला होतं तेच समाधान.

"हो," नेस्ताबाई म्हणाल्या, "हे जरा जास्तच दक्षिणेकडचं आहे."